नारळही पृथ्वीला ओढतो

फांगाले, वावाऊ
४ जानेवारी १९९२

चि. सिओसैया यास लोसालिनेताईचे अनेक आशीर्वाद. सगळे नाहीत, त्यातले काही तुझं उत्तर येईपर्यंत राखून ठेवले आहेत.

काल तुझ्या दारात फाटकी चटई वाळत घातलेली मला माझ्या व्हरांड्यातून दिसली. गावात कोणी मेलेलं नाही, म्हणजे ती चटई माफीसाठी आहे. एलेनोआला बोलावून विचारलं तर पोर बराच वेळ अंगठ्याने जमीन उकरत राहिली. शेवटी बोलली. तू म्हणे तिला घेऊन फिनेआसी मास्तरच्या अंगणात जाऊन बसणार. कमरेला ती चटई, गळ्यात पानांची माळ, मान खाली. सोबत पेयासाठी कुटायचं कावाचं मूळ आणि एक डुक्कर. डुकराने काय गुन्हा केला ते कळलं नाही.

आणि पोरीने तरी काय केला? शाळेच्या वर्षअखेरच्या समारंभात मास्तरने सगळ्या गावासमोर विचारलं, झाडावरून सुटलेल्या नारळाला कोण ओढतं? ती म्हणाली, पृथ्वी नारळाला ओढते आणि नारळही पृथ्वीला ओढतो, अगदी तेवढ्याच जोराने. मास्तर हसला. म्हणाला, मोठं ओढतं आणि लहान ओढलं जातं. घरात तसं, गावात तसं, आकाशातही तसंच. ती म्हणाली, नाही मास्तर. या दोन शब्दांसाठी तो तिच्या शिफारशीवर सही करत नाही, आणि सही नसली तर राजधानीतल्या, नुकुआलोफाच्या हायस्कूलचं दार बंद. शाळेत पहिली आलेली मुलगी घरी बसून चटया विणणार!

सिओसैया, मी तिची आत्या आहे. आपल्यात आत्याने नाही म्हटलं की बापाने पुढे चालायचं नसतं. मी नाही म्हणते.

तिने बरोबर सांगितलं. तू एका होडीत, मी दुसऱ्या होडीत, मधे दोर, असं समज. मी दोर ओढला तर तुझी होडी माझ्याकडे येते आणि माझी तुझ्याकडे जाते. जोर एकच, दोराला टोकं मात्र दोन. तुझा देह बघता तुझी होडी जेमतेम हलेल आणि माझी पाण्यावरून सरपटत येईल. किनाऱ्यावरचे लोक म्हणतील, मोठ्या होडीने ओढलं. लोकांना हललेलं दिसतं, ओढ दिसत नाही. मास्तरही किनाऱ्यावरच उभा आहे.

लोभ आहे. चटई आत घेतलीस तर राहीलही.

तुझी,
लोसालिनेताई


फांगाले
६ जानेवारी

ति. ताईंच्या चरणी सिओसैयाचा सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. चटई आत घेतली आहे. पाऊस आला म्हणून घेतली, तुमच्याशी खोटं कशाला बोलू.

ताई, रस्ता ओलांडला की तुमचं घर. पण बहीण-भावाने समोरासमोर बसून असं बोलायचं नाही हे आपण दोघं लहानपणापासून पाळत आलो, म्हणून लिहितो. तोंडावर मी तुम्हाला एवढं कधीच म्हणालो नसतो. महिनाअखेर बोट जाईल. ती चुकली की एलेनोआचं वर्ष नाही, शाळाच गेली. जागा दुसऱ्याला देतील. तिची आई रडून रडून थकली. माफी अर्ध्या दिवसाची असते, शाळा जन्माची. मान खाली घालून माझी तरी कधी झिजली?

दुसरी वाट तुमच्याच हातात आहे. फिनेआसी आपल्या सख्ख्या मामाचा मुलगा. तुम्ही त्याच्या आत्याची लेक; त्याच्या बापाच्या मयतीला सगळ्यांच्या वर तुम्ही बसला होतात. तुम्ही नुसतं म्हणालात की सही कर, तर तो पेन शोधत धावेल. एवढं कराल?

आणि राग मानू नका, पण एक विचारतो. माझ्या स्वयंपाकघरातल्या फळीवर दोन नारळ शेजारी शेजारी ठेवले आहेत. नाताळच्या आधीपासून. एक बोटही जवळ सरकले नाहीत. मी तर चर्चच्या गायकांत गाताना पाद्रीबाबांच्या शेजारी उभा असतो, तेही माझ्याकडे ओढले जात नाहीत, उलट घामाने लांब सरकतात. नारळाला दोर नाही, आकडा नाही, मग तो ओढेल कशाने? आणि का?

वडीलकीचा हात डोक्यावर असू द्यावा. शब्द कमी-जास्त झाले असतील तर ते पावसावर घालावेत.

आपला,
सिओसैया


फांगाले
७ जानेवारी

चि. सिओसैयास आशीर्वाद. कालच्या प्रश्नासाठी एक जास्तीचा.

आधी फिनेआसीचं. मी हुकूम सोडला तर तो सही करील, मला माहीत आहे. पण मग काय ठरलं? मोठ्या लोसालिनेने ओढलं आणि लहान फिनेआसी ओढला गेला. त्याचंच म्हणणं खरं ठरलं की! एलेनोआचं उत्तर खरं आहे म्हणून खरं ठरलं पाहिजे, तिची आत्या मयतीला कुठे बसते म्हणून नव्हे. पुन्हा हा उपाय सुचवू नकोस.

आता तुझे नारळ. ते एकमेकांना ओढतात, पण डासाच्या पंखाहून हलक्या जोराने. फळी त्यांना घट्ट धरून बसली आहे, तिला तेवढ्याने काय फरक पडतो? पृथ्वी अवाढव्य आहे म्हणून तिची ओढ आपल्याला कळते. बाकीच्यांची कळत नाही, याचा अर्थ ती नाही असा होत नाही. तुझ्या गाण्यात सूर कळत नाही, तरी तू गातोसच ना?

आणि का ओढतात? हेच मी कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर क्लोतिल्दना विचारलं होतं. मी निबंधात मोठ्या ऐटीत लिहिलं की, अवकाश म्हणजे चौघांनी ताणून धरलेली बारीक विणीची चटई. मधे जड माणूस बसला की खळगा पडतो आणि बाजूचा नारळ गडगडत त्याच्याकडे येतो. सिस्टरनी वही माझ्यापुढे टाकली. म्हणाल्या, माणूस बसल्यावर चटई खाली का जाते? पृथ्वी ओढते म्हणून. म्हणजे ओढीचं कारण विचारलं तर तू ओढच सांगितलीस. चोराला चोराची साक्ष. मग त्यांनी सांगितलं ते मी आयुष्यभर शिकवलं. वस्तूत जो ऐवज भरलेला असतो, ज्याला आपण वस्तुमान म्हणतो, त्याच्यामुळे भोवतालचं अवकाश वाकतं, वेळही वाकतो. शेजारची वस्तू आपल्या समजुतीने सरळच जात असते, वाटच वाकलेली असते. ऐवज जास्त तर वाकणं जास्त, अंतर जास्त तर कमी. किती, ते चोख मांडता येतं. पण ऐवज असला की अवकाशाने वाकावंच का, हे सिस्टरना माहीत नव्हतं, मला माहीत नाही, पोपनाही नाही. जो म्हणेल मला माहीत आहे, त्याला तुझी ती फाटकी चटई नेसव.

पण ओढ आहे हे दाखवता येतं, आणि मी ते दाखवणार आहे. चर्चमागची तडा गेलेली सिमेंटची पाण्याची टाकी रिकामी आहे. तिला दार पाडलं आहे आणि आत वारा नाही. तिथे एक आडवी काठी टांगायची, दोन टोकांना पाणी भरलेल्या दोन बाटल्या. टांगायला दोरा नको, तो पीळ धरून बसतो. कॅसेटमधली पट्टी लागेल, ती फिरणाऱ्याला फिरू देते. तुझ्या गायकांची ती कॅसेट पाठव, ज्या स्पर्धेत तुम्ही शेवटून पहिले आलात. काठीवर माझ्या पावडरच्या डबीतला आरसा चिकटवीन, त्यावर टॉर्चचा उजेड. समोरच्या भिंतीवर ठिपका पडेल. काठी केसभर फिरली तरी ठिपका बोटभर सरकेल. मग बाटल्यांच्या बाजूला वजन रचायचं आणि गप्प बसायचं.

वजन म्हणून कोनफळं हवीत. लवकरचं पीक निघालंच आहे. गायकांना सांग, प्रत्येकाने टोपली आणायची. गळा नाही तर नाही, कोनफळ तरी द्या म्हणावं.

ओल्या फडक्याने कॅसेट पुसू नकोस. लोभ आहे तेवढा तूर्त पुरेल.

लोसालिनेताई


फांगाले
१२ जानेवारी

ति. ताईंस सा. न. वि. वि.

कॅसेट पाठवतो. तिच्यात आपल्या बाबांचा खोकलाही आहे, दुसऱ्या गाण्याच्या शेवटी. तो भाग वापरू नये अशी विनंती.

कोनफळं जमली. सगळी मिळून माझ्या दुप्पट वजन भरलं. गायकांनी तराजूत आधी मला बसवलं आणि मग मोजलं. हसू आवरेना त्यांना.

फिनेआसीला कळलं आहे. कावा पिताना सगळ्यांसमोर म्हणाला, शाळेने ताईंना निवृत्त केलं, जिभेला करायचं राहिलं. मग म्हणाला, पंचवीस तारखेला मी स्वतः टाकीत येऊन बसतो, मुखियांचा कारभारीही येईल. काठी कोनफळांकडे वळली तर मी सही करीन. नाही वळली तर पोरीने चटई नेसून चर्चच्या दारात साऱ्या गावासमोर माफी मागायची, माझ्या अंगणात नव्हे. मी हो म्हणून आलो. ताई, मी कधी कोणाला नाही म्हटलंय?

बोट सत्तावीसला आहे.

आता तुमच्यावर आणि बाबांच्या खोकल्यावर भरवसा. कृपा असावी.

सिओसैया


फांगाले
१७ जानेवारी

सिओसैया,

आशीर्वाद वगैरे पुढच्या पत्रात. आज मी संतापले आहे.

चार दिवस टाकीत बसून आहे. काठी छान टांगली, ठिपका खडूच्या खुणेवर स्थिर झाला. कोनफळं रचली की ठिपका डावीकडे जायला हवा. तो जातो उजवीकडे! कोनफळं काढून टाकली, तरी उजवीकडे. सकाळी एलेनोआ आणि मी आत शिरतो तेव्हा बरा असतो, थोड्या वेळाने निघतोच आपला उजव्या हाताला, भूत लागल्यासारखा. पट्टी बदलली, टॉर्च बदलला, बाटल्यांची अदलाबदल केली. दारातून वारा येत असेल म्हणून गोधडी लावली आणि आत दोघी उकडून निघालो.

फिनेआसीचा कोणीतरी माणूस येऊन काही करतोय असा मला दाट संशय आहे. पाहऱ्याला तू रोज बाहेर बसतोस, मग तुझे डोळे कुठे असतात? उद्यापासून टाकीला अगदी खेटून बस. पाठ भिंतीला लाव. कोणाला फिरकू देऊ नकोस.

आणि तुझी बायको म्हणाली म्हणे की ताईंचंच चुकत असेल. तिला सांग, माझं चुकत असेल. काठीचं, पट्टीचं, आरशाचं, कशाचंही चुकत असेल. नारळाचं चुकत नाही. पंचवीसला ठिपका हलला नाही तरी मी चर्चच्या दारात उभी राहून हेच सांगेन, आणि ती चटई माझ्या भाचीच्या कमरेला लावायला येईल त्याचा हात धरीन.

लोभाचं नंतर बघू.

ताई


फांगाले
१९ जानेवारी

ति. आत्यास एलेनोआचा सा. न. वि. वि.

बाबांच्या हाती हे पाठवत नाही, स्वतः तुमच्या उशीखाली ठेवून जाते, कारण यात बाबांचीच चहाडी आहे.

तुम्ही बाबांना भिंतीला खेटून बसायला सांगितल्यापासून ठिपका जास्तच उजवीकडे जातो, हे तुमच्याही लक्षात आलं. काल दुपारी तुम्हाला डुलकी लागली (आत्या, तुम्ही घोरता, ते मी कोणाला सांगणार नाही) तेव्हा ठिपका हळूहळू खुणेवर परत आला. मी बाहेर डोकावले. बाबा जेवायला गेले होते. आईने अळूच्या पानांत मटण केलं होतं. ते जेवून आले, भिंतीला पाठ लावून बसले, आणि थोड्या वेळात ठिपका पुन्हा निघाला.

तुम्ही आत असता म्हणून बाबा आत येत नाहीत. बहीण आत असली की भावाने बाहेर थांबायचं. मधे भिंत असली की झालं, आपण एका खोलीत नाही, असं आपण सगळेच धरून चालतो. मीही तेच धरून चालले होते. पण आत्या, भिंत आपल्या रीतीसाठी आहे. ओढीला ती आड येत नाही. बाबा उजव्या बाटलीपासून हातभरावर बसतात, आणि बाबा म्हणजे तराजूत अर्धी कोनफळं.

मास्तरांना दाखवायला आणखी काय हवं? पण आत्या, मला बाबांना उठा म्हणवत नाही. किती अभिमानाने बसतात ते.

माझ्यावरचा लोभ कमी होऊ देऊ नये. पंचवीसला घाबरणार नाही.

तुमची,
एलेनोआ


फांगाले
२५ जानेवारी, संध्याकाळ

ति. ताईंच्या चरणी सा. न. वि. वि.

तुम्ही बाहेर फणसाखाली बसला होतात, आत काय झालं ते तुम्हाला दिसलं नाही. घाईत लिहितो, अक्षर गोड मानून घ्यावं.

एलेनोआने आम्हा तिघांना, मास्तर, कारभारी आणि मी, खडूने आखून दिलेल्या रेषेवर बसवलं. दोन्ही बाटल्यांपासून सारख्याच अंतरावर. मास्तर म्हणाले, मी कुठे बसायचं हे शाळेतली पोर ठरवणार? ती म्हणाली, मास्तर, तुम्हाला वजन आहे म्हणूनच ठरवावं लागतं. कारभाऱ्यांना ठसका लागला.

मग कोनफळं रचली आणि आम्ही गप्प बसलो. ताई, मी एवढा गप्प चर्चमध्येही कधी बसलो नाही. आधी काहीच नाही. मास्तरांनी जांभई दिली. आणि मग ठिपका निघाला. मुंगीपेक्षा हळू. डावीकडे. खूण सोडून बोटभर गेला. मास्तर म्हणाले, वारा. एलेनोआने कोनफळं उचलून दुसऱ्या बाजूंना रचली. ठिपका थबकला, परत फिरला आणि उजवीकडे गेला. मास्तर उठले, म्हणाले, आता मी रचतो. स्वतःच्या हातांनी एकेक कोनफळ हलवलं, सदरा घामाने भिजला. पुन्हा रेषेवर येऊन बसले. ठिपका त्यांनी रचलेल्या राशीच्या बाजूला गेला, जसा आमच्या राशीच्या बाजूला गेला होता. राशीचा मालक कोण हे त्याने विचारलं नाही.

मास्तरांनी बाहीने कपाळ पुसलं. मग म्हणाले, ठीक. कोनफळ ओढतं, तर नारळही ओढत असेल. पण नाही मास्तर म्हणाली, त्याची माफी राहिलीच.

मी ती चटई नेसूनच गेलो होतो, ताई. तुम्हाला सांगितलं नव्हतं. ठिपका हलला नाही तर पोरीच्या आधी मी बसणार होतो. ते ऐकलं आणि माझ्यात काय संचारलं कोण जाणे. उभा राहिलो, कमरेची चटई सोडली, घडी घातली आणि कोनफळांवर ठेवली. म्हणालो, मास्तर, हीसुद्धा त्यांच्याबरोबर ओढू दे. माझ्या मुलीच्या कमरेला ती बसणार नाही.

माझाच आवाज मला ओळखू आला नाही. आयुष्यात पहिल्यांदा नाही म्हणालो आणि तेही आतल्या विजारीवर उभा राहून.

तेवढ्यात भिंतीपलीकडून तुमचा आवाज आला. तो आम्हीच काय, बंदरावरच्यांनीही ऐकला असेल.

कृपा आहेच. आज तिचा जोर कळला.

सिओसैया


फांगाले
९ फेब्रुवारी

चि. सिओसैयास सर्व आशीर्वाद. राखून ठेवलेलेही यात आले.

पोर पोचल्याची तार मिळाली. तू तिला हायस्कूलच्या दाराशी सोडून आणखी आठवडाभर चुलतभावाकडे जेवत बसलास, तेही कळलं. परत आलास ते बरं झालं.

त्या दिवशी मी ओरडले ते ठरवून नव्हे. भिंतीला कान लावून बसले होते. हो, बसले होते, तूही बसायचासच की. तुझं ते वाक्य ऐकलं आणि वाटलं, आता हा जन्मभर गोगलगायीसारखा जगलेला माणूस पुढच्याच क्षणी घाबरून माफी मागेल. म्हणून मीच ओरडले, की चारचौघांसमोर रचलेली रास आपण घरी परत नेत नाही. ही रास एलेनोआ आपल्या गुरूला देत आहे, त्याने तिची परीक्षा स्वतः बसून घेतली म्हणून. माफी नाही, आभार. कारभाऱ्याने लगेच मांडीवर थाप मारून मालो म्हणत आभार मानले. झालं! कारभाऱ्याने स्वीकारलेली रास फिनेआसी नाकारणार कशी, आणि रास घेऊन पोरीला रिकाम्या हाताने बोटीत चढवणार कशी? सही त्याने कोनफळावर कागद ठेवून केली. मी त्याला हुकूम केला नाही. फक्त त्याच्या अंगणात दोन माणसांच्या वजनाचा ऐवज ठेवला आणि वाट वाकू दिली.

शिफारशीत त्याने लिहिलं आहे म्हणे, की मुलगी हुशार आहे पण उलट उत्तर देते. उत्तर देते एवढं तरी मान्य केलं. काल चर्चबाहेर भेटला. म्हणाला, ताई, कोनफळं गोड निघाली. मी म्हटलं, तुझ्या मुलांना सांग, तीही पृथ्वीला ओढत होती. तो म्हणाला, सांगितलं. आणि म्हणाला, वर्गातही सांगणार आहे, पण तुम्ही आलात तर सांगणार नाही. मी जाणार आहे. बघतेच कसा सांगत नाही ते.

काठी मी काढलेली नाही. संध्याकाळी टाकीत जाऊन बसते. बाबांच्या खोकल्याचा भाग वेगळा कापून ठेवला होता. सगळ्यात चांगली पट्टी तीच निघाली, म्हणून आता काठी तिच्यावरच टांगली आहे. रागावू नकोस, ते कधी इतके स्थिर नव्हते.

काल ठिपका खुणेवर होता. मी जपमाळ काढली. थोड्या वेळाने पाहिलं तर ठिपका उजवीकडे निघालेला. बाहेर आवाज नाही, खोकला नाही, काही नाही. तू येऊन बसला होतास. बोलायचं नाही, बघायचं नाही, मधे भिंत. सगळी रीत पाळून. आणि ठिपका सरकत होता.

मला एवढंच सांगायचं आहे की, त्या वेळी मीही तुझ्याकडे ओढली जात होते. ठिपक्यात फक्त बाटलीचं दिसतं. पण जोर दोन्हीकडून असतो, आणि तो सारखा असतो, मग एक जण दुसऱ्याच्या दुप्पट का असेना. हे कोणी चूक म्हणून दाखवावं, मी टाकीतच आहे.

दरवेळी पत्राच्या शेवटी आपण लोभ वाढावा असं लिहितो. नियमाप्रमाणे तो वाढवायचे दोनच मार्ग आहेत. एक, वजन वाढवणं. ते तुला दवाखान्यातल्या बाईने मना केलं आहे. तेव्हा दुसरा धर. उद्या भिंतीला आणखी थोडा खेटून बस.

तुझी,
लोसालिनेताई